चोथा कुठे टाकलात? रस आणि कच्च्या भाज्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत रसाचे प्रश्न वाढतात. या वेळी मात्र निम्म्या पत्रांत रसासोबत कोशिंबीरही आली आहे, त्यामुळे दोन्ही एकत्रच घेते.

प्रश्न : घरात पैज लागली आहे. सासरे रोज सकाळी पेलाभर संत्र्याचा रस घेतात, मी जेवताना एक कच्चं गाजर खाते. त्यांचं म्हणणं, रस म्हणजे फळाचा अर्क, त्यात ताकद जास्त. खरं कोणाचं? (कोथरूड)

पैज कशावर लागली आहे ते आधी विचारून घ्या. क जीवनसत्त्वावर असेल, तर गुपचूप पैसे देऊन टाका. २०० मिलीच्या पेल्यात ते साधारण १०० मिलिग्रॅम असतं. बाईची दिवसाची गरज ६५ आणि पुरुषाची ८० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे सासऱ्यांचं काम सकाळीच झालं. तुमच्या १०० ग्रॅम गाजरात ते जेमतेम ६ मिलिग्रॅम. फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वातही पेलाच पुढे.

आता बाकीचा हिशोब. पेल्यात साखर साधारण १७ ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे, आणि ऊर्जा ९० कॅलरी. गाजरात साखर ५ ग्रॅमच्या आत, कॅलरी ४० च्या आसपास. तंतू गाजरात जवळजवळ ३ ग्रॅम, गाळलेल्या रसात अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. शिवाय गाजरातलं बीटा-कॅरोटिन, ज्याचं शरीर अ जीवनसत्त्व करतं, ते रसात नावापुरतंच. (थंडीत येणाऱ्या लाल गाजराची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा रंग बराचसा लायकोपिनचा, म्हणजे टोमॅटोतलाच.)

मागच्या रविवारी मंडईतून आणलेली तीन संत्री मी मुद्दाम पिळून पाहिली. पेला भरला, दोन घोटांत संपलाही. गाळणीत मात्र ओला, पांढरट केशरी गोळा उरला. फोडींची सालं, दोरे, गराच्या पिशव्या. संत्र्याचे तंतू जवळजवळ सगळे त्या गोळ्यात होते आणि तो गोळा निघाला होता ओल्या कचऱ्यात. तीच तीन संत्री सोलून खायला बसलात तर दुसऱ्यानंतर बहुतेक जण हात आखडता घेतात. सासऱ्यांच्या ‘अर्क’ या शब्दाला माझा आक्षेप इथे आहे. साखर पेल्यात उतरते आणि पोट भरणारा भाग गाळणीत राहतो.

आणि सासरे क जीवनसत्त्वावर अडूनच बसले, तर पुढच्या वेळी गाजराऐवजी कच्ची हिरवी सिमला मिरची चिरून ठेवा. १०० ग्रॅममध्ये ८० मिलिग्रॅम, तेवढ्याच रसात ५०. पेरू तर या दोघांच्या कितीतरी पुढे. मात्र काकडी घेऊन पैजेला उतरू नका. ती ९५ टक्के पाणी आहे, हराल.

प्रश्न : तळजाईवर फिरून आल्यावर दुधी आणि कारल्याचा एकत्र रस घेतो. कडू लागतो, पण औषध म्हणून पितो. चालेल ना? (सहकारनगर)

नाही. कारलं कडूच असतं, पण दुधी कडू असता कामा नये. कडू दुधीत कुकुर्बिटॅसिन हे विषारी द्रव्य जास्त असतं. त्याने उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव होतो आणि त्यावर उतारा नाही. माणसं दगावली आहेत. दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही सांगितलं आहे. तुमच्या पेल्यात कारल्याचा कडूपणा दुधीच्या कडूपणाला झाकतो आणि धोक्याची एकुलती एक खूण पुसली जाते. दुधीचा रस घ्यायचाच असेल तर आधी कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि दुधी फेकून द्या. रस प्यायल्यावर मळमळलं तर घरी वाट पाहत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. दुधीची भाजी करून खाल्लीत तर मला जास्त आनंद होईल, पण त्यातही आधी चव बघायचीच.

प्रश्न : मला मधुमेह आहे. खोक्यातल्या ज्यूसवर ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेलं असतं. तो चालतो का? (सिंहगड रस्ता)

वरून साखर घातली नसेल, पण आत आहेच. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर ‘मुक्त साखरेत’ धरते, म्हणजे चहात घातलेल्या साखरेच्याच रांगेत. अख्ख्या फळातली आणि भाजीतली साखर त्या रांगेत नाही. या मुक्त साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी आणि जमलं तर ५ टक्क्यांहूनही कमी, असं तिचं २०१५ पासूनचं सांगणं आहे. खोक्यावरच्या ‘१०० टक्के फळांचा रस’ या दाव्याबद्दल सांगायचं तर आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या ज्यूसवरून तो काढून टाका, असं आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. रसवंतीतल्या घुंगरांच्या आवाजाने माझेही पाय थबकतात, पण उसाचा रस तुमच्यासाठी नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, साखर ७० च्या खाली जाते, तेव्हा गाजर चावत बसायचं नाही. तेव्हा अर्धा कप ज्यूस प्या, कारण त्यात तंतू नाहीत आणि साखर झटकन रक्तात जाते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. कोशिंबिरीला तोंड लावत नाही, म्हणून रोज मोठा पेला ज्यूस देते. (वारजे)

पेला लहान करा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते दोन वर्षांच्या आत ज्यूस नकोच, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला १२५ मिलीच्या वर नको, तोही ताजा काढलेला. मोठ्या पेल्याने भूक मरते आणि मग कोशिंबिरीचा नंबरच लागत नाही. गाजराचे कडक तुकडे मात्र एवढ्यात देऊ नका, घशात अडकतात. किसून द्या, थालीपिठात घाला. तुम्ही कोशिंबीर करत असताना किसातली चिमूट तिला उचलू द्या. ताटातली कोशिंबीर नाकारणारी मुलं परातीतली चोरून खातात.

प्रश्न : आमच्याकडे कोशिंबिरीत मीठ, साखर, दाण्याचं कूट आणि वरून फोडणी असते. मुलगा जिममधून येऊन सांगतो, ‘यात काही उरलं नाही, नुसती चिरलेली भाजी खा.’ (सदाशिव पेठ)

मुलाला म्हणावं, आजीकडे शिकवणी लाव. गाजरातलं कॅरोटिन तेलात विरघळणारं असतं. नुसतं गाजर चावलं तर त्यातलं थोडंच अंगी लागतं, सोबत चमचाभर तेल किंवा दाण्याचं कूट असलं की जास्त. फोडणी वरून पडते, तिने कोशिंबीर शिजत नाही. लिंबाचाही उपयोग आहे. भाकरी आणि पालेभाजीतलं लोह शरीर नाखुशीने घेतं, क जीवनसत्त्व शेजारी असलं की बरं घेतं. जेवून उठल्या उठल्या चहा घेतलात, तर तो फायदा बराच घालवलात.

चूक होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे वेळ. सकाळी आठला किसलेली कोशिंबीर रात्री वाढायची, ही सोय मला कळते, पण किसलं की हवा लागते आणि क जीवनसत्त्व उतरायला लागतं. कोबी आयत्या वेळी चिरा. दुसरी चूक काकडीची. चोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, ते पिळून लोक सिंकमध्ये ओततात. त्यात पाण्यात विरघळणारं जे काही असतं ते जातं, वर मीठही वाया. मी मीठ अगदी वाढताना घालते. तरीही पाणी सुटलंच, तर त्यात थालीपिठाचं पीठ भिजवते आणि त्या पिठात वेगळं मीठ घालत नाही.

साखर चिमूटभर असेल तर माझी हरकत नाही. सदाशिव पेठेची चिमूट मात्र मी पाहिली आहे.

प्रश्न : पावसाळ्यात कच्चं खावं का? (धायरी)

तुमच्या भागाला हे वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट गेलं आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जंतू सापडला. पाण्याची खात्री नसेल त्या दिवसांत कोबी, पालेभाज्या, कोथिंबीर कच्ची नको. कोबीचे वरचे पदर काढा, वाफ द्या, मग पचडी करा. क जीवनसत्त्व थोडं जाईल, जाऊ द्या. काकडी-गाजर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि नंतर सोला, आधी सोलून मग धुऊ नका. रस्त्यावरच्या रसात तर बर्फ, पाणी आणि पेला, तिन्हींचा भरवसा लागतो.

प्रश्न : वडिलांना मूत्रपिंडाचा विकार आहे. त्यांना रस द्यावा की कच्ची भाजी? (हडपसर)

माझं उत्तर वाचून दोन्हींपैकी काहीच देऊ नका. पोटॅशियम दोन्हींत असतं, आजारी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणं जड जातं आणि त्यांना किती चालेल, हे त्यांच्या रक्ताच्या ताज्या अहवालावर ठरतं. तो घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. डाएट चार्ट मागून घ्या, आणि ‘भाजी चिरून, पाण्यात उकळून, पाणी टाकून द्यायची का?’ हा प्रश्न न विसरता विचारा. इतरांना मी भाजीचं पाणी टाकू नका म्हणते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत कदाचित तेच टाकावं लागेल.