वाचकांचे प्रश्न : फोरेचं रेक्विएम, ऑर्गन आणि माइक

प्रश्न : ४० जणांचा गायनवृंद आणि छोटा वाद्यवृंद घेऊन आम्ही एका दगडी चर्चमध्ये फोरे या फ्रेंच संगीतकाराचं रेक्विएम (मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत) ध्वनिमुद्रित करणार आहोत. चाचणीत शब्द घुमाऱ्यात विरघळले आणि तंतुवाद्यं मातकट वाटली. माइक वाढवावेत का?

उत्तर : आधी हातातली आवृत्ती कोणती आणि व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य) कुठे बसलेत ते पाहा. ही रचना १८८८ साली पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये पहिल्यांदा गायली गेली. पुढे १८९३ची लहान वाद्यवृंदाची आणि १९००ची मोठ्या वाद्यवृंदाची आवृत्ती आली. १८९३च्या आवृत्तीत व्हायोलिनचा गटच नाही. ‘सांक्तुस’ या भागात एकटं व्हायोलिन वर तरंगतं, बाकी सगळा भार दोन-दोन भागांत वाटलेल्या व्हायोला आणि त्यांहून मोठ्या, खर्जातल्या चेलोंवर. नेहमीच्या सवयीने व्हायोला कंडक्टरच्या उजव्या कडेला बसवले, की त्यांच्या वरच्या फळीतल्या एफ-आकाराच्या खाचा मागच्या भिंतीकडे वळतात. ज्या वाद्यावर सगळा डोलारा उभा, त्याचा थेट आवाज माइकपर्यंत पोचत नाही. भिंतीवरून परतलेला पोचतो. मातकटपणा बहुधा तिथलाच. व्हायोला डावीकडे, एरवी पहिली व्हायोलिन बसतात त्या जागी आणा, शेजारी चेलो. यासाठी एकही जादा माइक लागत नाही.

मुख्य माइकसाठी डेक्का ट्री ही त्रिकोणी मांडणी चांगली : तीन ऑम्नी (सगळ्या दिशांनी ऐकणारे माइक), डाव्या-उजव्यात सुमारे २ मीटर, मधला दीड मीटर पुढे, उंची ३ ते साडेतीन मीटर, कंडक्टरच्या डोक्याच्या जरा मागे-वर. हे आकडे सुरुवातीपुरते. घुमारा पाच-सहा सेकंदांचा असेल तर स्टँड अर्धा-अर्धा मीटर पुढे सरकवत ऐका. जागा शोधण्याचा जुना उपाय म्हणजे एक कान बोटाने बंद करून चालणं. दिशेची मदत गेली की खोली किती आवाज गिळतेय ते लगेच कळतं. एकच स्टँड परवडत असेल तर फ्रेंच रेडिओवाल्यांची ओआरटीएफ जोडी लावा : दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारे माइक), १७ सेंटिमीटर अंतर, ११० अंशांचा कोन. चित्र नेमकं येतं, पण खर्ज पातळ होतो.

गायनवृंद मागे उभा असतो, म्हणून तो दुप्पट धूसर येतो. पहिल्या रांगेच्या दोन मीटर पुढे, तीन मीटर उंचीवर तीन-चार कार्डिऑइड लावा, रोख मागच्या रांगेच्या तोंडांकडे. गायकांपासून मुख्य माइक ९ मीटरवर आणि हे २ मीटरवर असतील, तर फरक ७ मीटरचा, म्हणजे साधारण २० मिलिसेकंदांचा. तेवढा विलंब या माइकना द्या, नाहीतर गायक वाद्यांच्या पुढे उडी मारून उभे राहिल्यासारखे ऐकू येतात. पातळी व्यंजनं कळेपर्यंत वाढवा, मग एक डेसिबल उतरवा. त्याहून जास्त चढवावं लागत असेल तर चूक माइकच्या जागेची आहे, फेडरची (पातळी कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीची) नाही.

शब्दांच्या शेवटचा ‘स’ निम्म्याच गायकांनी उच्चारावा. ४० जणांचा ‘स’ दगडी कमानीत सापासारखा फिरत राहतो.

प्रश्न : ऑर्गन मागच्या दारावरच्या सज्जात, वाद्यवृंद वेदीपाशी. ताल आणि सूर दोन्ही जुळत नाहीत.

उत्तर : मध्ये ४० मीटर असतील तर आवाजाला ११७ मिलिसेकंद लागतात, कानावर भरवसा ठेवून कुणीच जुळवून घेऊ शकत नाही. अनेक फ्रेंच चर्चमध्ये वेदीजवळ दुसरा लहान ऑर्गन असतो, रेक्विएमला तोच घ्या. मोठाच वाजवायचा असेल तर वादकाला कंडक्टरचं चित्र पडद्यावर दाखवा आणि ताल डोळ्यांनी पाळायला सांगा. तिसरा मार्ग वेगळं मुद्रण करून जोडण्याचा. फ्रेंच संगीतकार सँ-साँसच्या तिसऱ्या सिंफनीच्या, कंडक्टर बॅरेनबॉइम यांच्या १९७५च्या शिकागो मुद्रणात ऑर्गन फ्रान्समधल्या शार्त्र कॅथीड्रलमधला आहे, गास्तों लितेझ यांनी वाजवलेला.

सुराचं दुखणं तापमानाचं. ऑर्गनच्या साध्या (शिटीसारख्या वाजणाऱ्या) नळ्यांचा सूर दर अंश सेल्सियसला जवळपास ३ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढतो. २० अंशांवर लावलेला ऑर्गन १२ अंशांच्या चर्चमध्ये २४ सेंट खाली बसतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा चौथा भाग. ओबो तिथवर सहज येत नाही. म्हणून आधी ऑर्गनचा ‘ए’ स्वर मोजा आणि त्यावर वाद्यवृंद लावा. घाईने हीटर लावू नका : पट्टीच्या (आत थरथरणारी धातूची पट्टी असलेल्या) नळ्यांचा सूर साध्या नळ्यांइतका हलत नाही, त्यामुळे ऑर्गन स्वतःशीच बेसूर होतो. आणि मुद्रणातला खर्ज कापणारा फिल्टर बंदच ठेवा; ३२ फुटी नळीचा तळाचा सूर १६ हर्ट्झच्या आसपास असतो, तो ऐकू कमी येतो आणि अंगाला जास्त जाणवतो.

प्रश्न : दोन टेक (एकाच भागाची वेगवेगळी मुद्रणं) जोडताना सांधा कळतो.

उत्तर : दुसरा टेक सांध्याच्या मात्रेपासूनच सुरू केला असणार. त्याच्या पोटात आधीच्या स्वरांचा घुमारा नाही, म्हणून कान अडखळतो. चार मात्रा नव्हे, निदान चार मापं (तालाची आवर्तनं) आधीपासून वाजवून घ्या आणि पहिला टेक सांध्यापुढेही आठ सेकंद चालू द्या. ऑर्गनमध्ये हवा भरणारा पंखा चालू ठेवून, सगळे स्तब्ध उभे असताना ३० सेकंदांची शांतताही मुद्रित करा. दोन भागांमधल्या विरामात तीच भरा. कोरी, डिजिटल शांतता भरली की चर्च अचानक नाहीसं होतं.