हजेरीत नाव नाही म्हणून पगार बुडत नाही

तुझं सगळं नीट वाचलं. वय सतरा, गोदामात काम, पगार रोख हातात, कुठेच सही नाही, शेवटचे दोन महिने पगारच नाही, मशीनमध्ये हाताला लागलं त्याचा खर्च तुझ्याच खिशातून गेला आणि वर मालक म्हणतो की तुझं नावच कुठे नाही, तक्रार केलीस तर तूच अडकशील. खरं का, असं विचारलंयस. नाही, खरं नाही, आणि ही धमकी मी इतक्या पोरांच्या तोंडून ऐकली आहे की आता राग येतो. बरीच वर्षं लोकांना थकलेल्या पगाराचे अर्ज लिहून द्यायला मदत करतोय, त्यावरून सांगतो. देश तू लिहिला नाहीस, म्हणून जे बहुतेक सगळीकडे चालतं तेवढंच सांगतो, तिथले आकडे आणि मुदती तेवढ्या स्थानिक माणसाकडून तपासून घे.

आधी डोक्यातली भीती काढू. कागद असला तरच नोकरी, असं नसतं. तो सांगेल त्या वेळेला तू येतोस, तो सांगेल ते करतोस, मशीन त्याचं, जागा त्याची, ठरल्या वेळी पैसे त्याच्याकडून येतात, तुझ्या जागी दुसऱ्याला पाठवलेलं त्याला चालत नाही, म्हणजे तू त्याचा कामगार आहेस, संपलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, म्हणजे आयएलओची, २००६ सालची १९८ क्रमांकाची शिफारस नेमकं हेच सांगते, की कागदावर काय नाव दिलंय ते नंतर, आधी काम प्रत्यक्षात कसं चालत होतं ते बघा. तू एकटा पण नाहीयेस रे, आयएलओच्याच २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगातले साधारण २०० कोटी लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त, अशाच बिननोंदीच्या किंवा अर्धवट नोंदीच्या कामात आहेत.

आणि नोंद करणं हे काम तुझं नव्हतंच, त्याचं होतं. त्यात तू अठराच्या आतला. किमान वयाचा जो आयएलओचा १९७३ चा करार आहे, १३८ क्रमांकाचा (आयएलओचा करार म्हणजे देशांनी मान्य करून पाळायचा), त्यात मालकाने १८ वर्षांखालच्या प्रत्येक कामगाराचं नाव आणि वय लिहिलेली नोंदवही ठेवायची आणि ती दाखवायची असं लिहिलंय. म्हणजे "तुझं नाव कुठेच नाही" हे वाक्य बोलून तो स्वतःचाच नियमभंग सांगतोय.

वयाचं अजून थोडं. साधारणपणे १५ च्या खाली नियमित नोकरी नाही (काही देशांना १४ ची सूट आहे), पण धोक्याचं काम १८ च्या आत नाहीच, फार तर कडक अटींवर १६ पासून. धोक्याचं म्हणजे काय ते प्रत्येक देश यादी करून ठरवतो, पण धोकादायक मशीन, जड ओझी, उंचावर किंवा कोंदट बंद जागेत काम, रात्रपाळी, लांबलचक तास, हे सगळं त्यात धरा असं आयएलओची शिफारस सांगते. बालमजुरीच्या वाईट प्रकारांवरचा १९९९ चा १८२ क्रमांकाचा करार तर २०२० पर्यंत संघटनेच्या तेव्हाच्या सगळ्या सदस्य देशांनी मान्य केला, त्यामुळे "आमच्याकडे असलं काही नसतं" हे कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. आणि तुला कामाला लावायलाच नको होतं असं जरी निघालं तरी तो दोष लावणाऱ्याचा, केलेल्या कामाचे पैसे त्यामुळे बुडत नाहीत.

आता खरी मेहनतीची गोष्ट, पुरावा. जिथे कागद नसतो तिथे जो रोज लिहून ठेवतो त्याचं म्हणणं टिकतं, बाकी सगळं तोंडी राहतं. आजच एक साधी वही घे. तारीख, किती वाजता आलास, किती वाजता सुटलास, काय काम केलंस, सोबत कोण होतं, पैसे मिळाले असतील तर किती आणि कुणी दिले. त्याच दिवशी लिही, आठवड्याचं एकदम नको. मागचे महिने आठवून लिहायचे तर लिही, पण वर स्पष्ट टाक की हे आठवणीतून लिहिलंय, अंदाजे आहे. एक तास सुद्धा फुगवू नकोस, कारण एक खोटी नोंद सापडली की समोरचा खऱ्या नोंदींवर पण शंका घेतो.

मोबाईलमध्ये बघ, "उद्या लवकर ये", "ट्रक आलाय, थांब आज", असले मेसेज असतातच, तेच तुझं नेमणूकपत्र समज. स्क्रीनशॉट काढ, त्यात तारीख आणि नंबर दिसला पाहिजे, आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेव म्हणजे फोन हरवला तरी गेलं नाही. लोकेशनची हिस्टरी चालू असेल तर ती पण सांभाळ. रोख मिळालेले पैसे तू लगेच बँकेत भरत असशील तर ते खात्यात दिसतात, ते पण कामाला येतं. मग मालकाला एक साधा मेसेज टाक, भांडण नको, धमकी नको, "मागच्या दोन महिन्यांचा पगार राहिलाय, कधी मिळेल?" एवढंच. बहुतेक जण "देतो पुढच्या आठवड्यात" असं लिहून टाकतात आणि त्यात पगार थकलाय हे आपोआप कबूल होतं. सोबतच्यांची नावं, नंबर घेऊन ठेव, विशेषतः जे काम सोडून गेलेत त्यांचे, ते मोकळेपणाने बोलतात. कंपनीचे कागद मात्र उचलून आणू नकोस, आणि चोरून कॉल रेकॉर्ड करणं काही देशांत गुन्हा आहे, त्यामुळे विचारल्याशिवाय ते करू नकोस.

हाताचं. परत डॉक्टरकडे जा आणि कामावर, मशीनमध्ये लागलं हे त्यांना सांगून कागदावर लिहून घे, "घरी पडलो" असं लिहिलेलं असेल तर पुढे फार त्रास होतो. कामावरच्या इजेची भरपाई बऱ्याच देशांत पगाराच्या तक्रारीपेक्षा वेगळ्या ठिकाणी मागायची असते आणि तिची मुदतही वेगळी असते.

पगारातून तो "नुकसान झालं" म्हणून कापतो असं पण लिहिलंयस. आयएलओच्या १९४९ च्या वेतन संरक्षण कराराप्रमाणे कायद्याने किंवा सामूहिक कराराने (युनियन आणि मालक मिळून करतात तो) ठरवलेल्या कारणांशिवाय आणि मर्यादेबाहेर कापता येत नाही, पगार नियमित द्यायचा, आणि काम सुटलं की उरलेला सगळा हिशोब मिटवायचा. कोऱ्या कागदावर किंवा "सर्व रक्कम मिळाली" अशा कागदावर सही करायची नाही, कितीही घाई केली तरी. तुझं मूळ ओळखपत्र त्याच्याकडे असेल तर आधी ते परत माग, ते अडकवून ठेवणं हे आयएलओ सक्तीच्या मजुरीचं लक्षण मानते.

तक्रार कुठे तर कामगार निरीक्षकाकडे, म्हणजे कामाच्या जागा तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे. आयएलओचा १९४७ चा ८१ क्रमांकाचा करार ज्या देशांनी मानलाय तिथे निरीक्षक न कळवता, दिवसा रात्री कधीही कामाच्या जागेत शिरू शकतो, आणि तक्रार कुणी केली हे, किंवा तक्रारीमुळे आलोय हे सुद्धा, मालकाला सांगायचं नसतं. पण नीट समजून घे, मशीनला गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून बसवायचं आवरण) नाही, अल्पवयीन कामाला आहेत अशी तक्रार नाव लपवून होते, स्वतःचा थकलेला पगार मागताना नाव द्यावंच लागतं. म्हणून मी एकट्याने जायला सांगत नाही, आधी युनियन किंवा मोफत कायदा मदत केंद्र गाठ, आणि घरच्या मोठ्या कुणाला सोबत घे, अठराच्या आत अर्जावर पालकाची सही बऱ्याच ठिकाणी लागते. परदेशी असशील आणि कामाची परवानगी नसेल, किंवा या कमाईचा टॅक्स भरायचा राहिला असेल, तर हे त्यांना पहिल्याच भेटीत सांग, लपवू नकोस. केलेल्या कामाचे पैसे तेव्हाही मागता येतात, फक्त पावलं वेगळ्या क्रमाने टाकावी लागतात. उशीर करू नकोस, काही देशांत मुदत मोजून थोड्या महिन्यांची असते.

आधी सोडू की आधी तक्रार करू, हे शेवटी विचारलंयस. वही, स्क्रीनशॉट, डॉक्टरचा कागद हे हातात आले की मग सोड, आणि सोडताना मेसेजने कळव, तारीख आणि किती दिवसांचा पगार बाकी ते लिहून. पण त्या मशीनच्या बाबतीत तोपर्यंत वाट बघायची नाही. जीवाला धोका दिसत असताना काम थांबवणाऱ्याला शिक्षा होऊ नये हे आयएलओच्या १९८१ च्या सुरक्षेच्या करारातच आहे. उद्या सकाळीच मेसेज टाक की गार्ड बसेपर्यंत मी मशीनवर उभा राहणार नाही, दुसरं काम द्या, आणि तो मेसेज सुद्धा जपून ठेव.