मुलीला जर्मनीहून परत बोलवायचं का?

स. न. वि. वि.

तुमचं डिचोलीहून आलेलं पत्र वाचलं. चवथ आटोपून मुलगी मास्टर्ससाठी जर्मनीला गेली. आता नोव्हेंबर उजाडलाय आणि ती दिवसातून तीन-चार वेळा फोन करून रडते, परत येते म्हणते. घरी आईला जेवण जात नाही. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, तरीही तिला बोलवून घ्यावं का, असं तुम्ही विचारता.

आत्ता नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा होऊ द्या, मग तिच्याशी बसून ठरवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, संध्याकाळी पाचच्या आत काळोख पडतो आणि रविवारी दुकानं बंद असतात. चवथीला गणपतीवर फळा-फुलांची माटोळी बांधायला घरात वीस माणसं बघत वाढलेल्या मुलीला हे जड जाणारच. या दिवसांत घेतलेला निर्णय पुढे तिलाच सलत राहील.

बँकेचं कार्ड अजून आलं नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. तिथे कामं एकात एक अडकलेली असतात. घरमालकाचा दाखला घेऊन साधारण दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा आणि व्हिसा संपायच्या आत रहिवासी परवान्यासाठी अर्ज करायचा. ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे महिन्याच्या हप्त्यानेच सुटतात आणि ते घ्यायला चालू खातं लागतं. म्हणजे पोर कदाचित पोटाला चिमटा काढून राहत असेल, आणि तुम्हाला सांगत नसेल. कार्ड, पिन, टॅक्स नंबर हे बहुतेक टपालानेच येतं. तिला एवढंच विचारा: खालच्या टपालपेटीवर तुझं आडनाव आहे का? तिथे पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो, नाव नसलं तर ते परत जातं. शेअरिंगच्या खोलीत राहणाऱ्या मुलांचं असं हमखास होतं. चिठ्ठीवर आडनाव लिहून आजच चिकटवायला सांगा, आणि बँकेला पत्र पुन्हा पाठवायला सांगू दे.

दुसरं थोडं कटू आहे, पण तुमच्या काळजीपोटीच लिहिते. ती दुपारी खोलीत बसून व्हिडिओ कॉलवर तुमच्यासोबत जेवते, असं तुम्ही लिहिता. तो कॉल बंद करा. दुपारचं जेवण म्हणजे मेन्सा, युनिव्हर्सिटीचं स्वस्त भोजनगृह. लेक्चर संपलं की वर्गातली मुलं घोळक्याने तिथेच जातात. ओळखी तिथे होतात, आणि त्याच वेळी आपली मुलगी फोनवर आईला ताट दाखवत असते. रोज एकच कॉल ठेवा, तिच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्या रात्री साडेदहाला. पहिले काही दिवस आईला फार कठीण जातील. आठवड्यातली एक संध्याकाळ युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स कोर्सला बांधून घेऊ दे, बॅडमिंटन म्हणा, काहीही. दर आठवड्याला तेच चेहरे दिसले की भाषा अर्धवट असली तरी बोलणं सुरू होतं.

मात्र ती झोपत नसेल, वर्गाला जाणं सोडलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली, तर फेब्रुवारीतल्या परीक्षांची वाट बघू नका. स्टुडंट सर्व्हिसेसकडे बहुतेक ठिकाणी समुपदेशन मोफत असतं, जीवावरचा प्रसंग असेल तर 112. आणि तेव्हा कर्जाचा विचार न करता तिकीट काढा.

अभ्यासाचं थोडक्यात. गोवा विद्यापीठात आयएसएचे, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत चाचण्यांचे गुण हाताशी असायचे. जर्मनीत बऱ्याच विषयांत शेवटची एकच परीक्षा असते आणि तिची नोंदणी पोर्टलवर वेगळी करावी लागते. ही मुदत अनेक ठिकाणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच संपते. आज रात्रीच्या कॉलवर आधी तेवढं विचारून घ्या.