आयसीयूतून घरी आलेले वडील ‘मला कोंडून ठेवलं होतं’ म्हणतात, हे वेड आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडील न्यूमोनियाने १२ दिवस आयसीयूत होते, घरी येऊन तीन आठवडे झाले, चार पावलांत दमतात, रात्री उठून बसतात आणि ‘पैशासाठी मला तिथं कोंडलं होतं’ असं सांगतात. गावातले म्हणतात, डोक्यात फरक पडला. मी डॉक्टर नाही, वर्धा जिल्ह्यात चार एकर कोरडवाहू करतो. पण तुमचे वडील आज जिथं आहेत तिथून मी आलोय.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात फवारताना मला विष लागलं. पऱ्हाटी (कपाशी) खांद्याला आलेली, वारा उलटा, तोंडाला नुसता दुपट्टा. संध्याकाळी घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी. दवाखान्यात इंजेक्शनं लागली, दोन दिवस बरा होतो, तिसऱ्या दिवशी उशीवरून मान उचलेना. या विषाचं कधीकधी असंच असतं, पहिला झटका ओसरला की मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. नऊ दिवस व्हेंटिलेटर, एकूण चौदा दिवस आयसीयू.

त्या नऊ दिवसांत मी माझ्या हिशेबाने दवाखान्यात नव्हतोच. मला बंडीच्या चाकाला बांधलं होतं, दोन माणसं माझा कापूस मोजत होती आणि काटा मारत होती. मी ओरडत होतो, आवाज निघत नव्हता. हे आजही कालच्या बाजारासारखं आठवतं. खरं घडलेलं मात्र काहीच आठवत नाही.

याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. आजार, गुंगीची औषधं, रात्रंदिवस जळणारे दिवे, मोडलेली झोप, या सगळ्याने मेंदू स्वतःच गोष्ट रचतो. घशात नळी असते म्हणून आवाज निघत नाही, तेही त्या गोष्टीत जाऊन बसतं. आयसीयूनंतर उरणारा अशक्तपणा, विसरभोळेपणा, भीती, उदासी ही सगळी मोट एकत्र बांधून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१२ साली तिला ‘पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असं नाव छापलं. म्हणजे तुमचे वडील काही पहिले नाहीत.

आता मुद्द्याचं. त्यांच्याशी वाद घालू नका आणि हसूही नका. माझा भाऊ हसला होता. त्यानंतर महिनाभर मी तोंड उघडलं नाही, नुसता आढ्याकडे पाहत पडून राहायचो. मला सोडवलं ते बायकोच्या वहीने. ती आयसीयूबाहेर बसून खर्च लिहायची, त्यातच दोन-दोन शब्द जास्तीचे. एका रात्री कंदिलाएवढ्या बल्बखाली तिने वाचून दाखवलं: ‘मंगळवार. ऑटो ८०. औषध १,१४०. नळी ओढली म्हणून हात बांधले. मले रडू आलं.’ मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. हात बांधले होते हे खरं होतं तर! चाक आणि काटा मी जोडला होता. त्या रात्री मी वेडा नाही हे मला पटलं. पुढे कळलं की डेन्मार्क, नॉर्वेकडे नर्सेस रोग्यासाठी मुद्दाम अशी वही लिहितात.

शरीराचं सांगायचं तर धीर धरा. लंडनच्या डॉक्टरांनी २०१३ साली मोजलं होतं, अशा आजारात पहिल्या दहा दिवसांत मांडीचा एक मुख्य स्नायू सुमारे १८ टक्के घटतो. मला बाजेवर कूस बदलता येईना, दोरी खाली दबते आणि माणूस खड्ड्यात जातो. त्यांना तख्तावर झोपवा. संडासात उकिडवं बसलो तर उठता यायचं नाही. शेवटी भावाने विळा तापवून प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडलं. (हसल्याची भरपाई समजा.) आधी तख्त ते दार, मग दार ते ओटा, मग चावडी. फिजिओथेरपीवाल्याने खुर्चीवरून उठबस शिकवली, पहिल्या दिवशी तीनच झाल्या. आवाज तीन आठवडे घोगरा होता, आणि तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले. तेही होतं आणि परत येतात.

पाहुणे ‘पथ्य पथ्य’ करून नुसती पेज पाजतील. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर अंडी, दूध, तुरीचं घट्ट वरण, दाणे द्या. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा.

माझ्या बाबतीत एक जादाचं दुखणं होतं. बघायला येणारा प्रत्येक जण जरा वाकून विचारायचा, ‘खरं सांग बावा, फवारलं का पेलं?’ म्हणजे जीव द्यायला विष प्यालो का. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसच्या वर माणसं गेली, सगळ्या पेपरात आलं, तरी हा प्रश्न सुटत नाही. तुमच्याकडेही कुणीतरी असा प्रश्नवाला असेलच. त्याला ओट्यावरच चहा पाजून वाटेला लावा.

आईकडेही पाहा. मी घरी आल्यावर बायको कितीतरी रात्री माझ्या नाकाखाली बोट धरून बघायची. मी जागा असायचो, बोलायचो नाही.

पाणी पिताना दर वेळी ठसका लागतो, ताप येतो, बसल्या जागी दम लागतो, एकच पाय सुजतो किंवा नव्याने अचानक बरळू लागले तर थांबू नका, लगेच न्या. मरणाची भाषा करू लागले तर एकटं सोडू नका. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६, मराठीत बोलतात. फेरतपासणीला जाल तेव्हा झोप आणि भीतीचंही सांगा. आपण फक्त छातीचं बोलून येतो.

वडिलांच्या त्या बारा दिवसांची वही मात्र आजच लिहायला घ्या. उशीर झालेला नाही. बाहेर जो कोणी बसला होता त्याच्या मोबाइलमधल्या फोनांवरून, मेडिकलच्या बिलांवरून तारखा लागतात. आमच्या हिची वही तर किराण्याच्या उधारीची होती, उलटीकडून उघडली की अजून साखर-चायपत्तीचा हिशेब निघतो.