‘प्रभातवैभव’ नको, ‘गारवेल’ असू द्या

एका अनुवादक वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते भाषांतर करत असलेल्या कथेत एक वृद्ध स्त्री रोज पहाटे कुंपणावर चढलेल्या ‘मॉर्निंग ग्लोरी’च्या वेलीपाशी येऊन उभी राहते, आणि दुपारी पुन्हा येते तेव्हा सकाळच्या फुलांपैकी एकही शिल्लक नसते. या वेलीसाठी त्यांनी ‘प्रभातवैभव’ असा शब्द घडवला होता, परंतु तो संपादकांना खटकला. शोध घेतल्यावर ‘गारवेल’, ‘नीलपुष्पी’ आणि ‘काळादाणा’ अशी तीन नावे हाती लागली. यांतले कोणते बरोबर, आणि वेल हा शब्द ‘तो’ म्हणून चालवावा की ‘ती’ म्हणून, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. या कथेत ‘गारवेल’ लिहावे, फूल निळेच आहे हे मुळात स्पष्ट असेल, तर ‘नीलपुष्पी’ही चालेल, ‘काळादाणा’ इथे नको आणि ‘प्रभातवैभव’ कुठेच नको. कारणे मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहेत.

‘प्रभातवैभव’ व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे, तरी ते फुलाचे नाव वाटत नाही. मराठीला वेळेवरून फुलांची नावे ठेवण्याचे वावडे आहे असे मुळीच नाही. निशिगंध आहे, रातराणी आहे, भर दुपारी उमलणाऱ्या लाल फुलाला तर नुसते ‘दुपारी’ म्हणतात. पण या नावांत वेळेच्या जोडीला डोळ्यांना किंवा नाकाला जाणवणारे काहीतरी असते, नाहीतर ‘दुपारी’सारखे नाव इतके साधे असते की ते बोलण्यात सहज मुरते. ‘वैभव’ हा भाववाचक शब्द आहे. तो शेवटी आला की ते मासिकाच्या दिवाळी अंकाचे नाव वाटू लागते. शिवाय नावाचे भाषांतर करण्याची ही वाटच घातक आहे. गुलबासाला इंग्रजीत ‘फोर ओक्लॉक’ म्हणतात, म्हणून आपण गुलबासाला ‘चार वाजता’ म्हणत नाही, कारण त्याला आपले नाव आधीपासून आहे. तेव्हा मॉर्निंग ग्लोरीच्या बाबतीतही पहिला प्रश्न ‘याचे भाषांतर काय’ असा नसून ‘ही वेल आपल्याकडे कोणत्या नावाने ओळखली जाते’ असा असायला हवा.

इथे अडचण येते ती अशी की इंग्रजी नाव एका वेलीचे नाही. इपोमिया या वंशात सहाशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येकींना इंग्रजीत सरसकट मॉर्निंग ग्लोरी म्हटले जाते. बागेत ज्या नेहमी दिसतात त्या मुख्यतः तीन. इपोमिया निल हिची पाने बहुधा तीन खंडांची असतात आणि फुलामागची हिरवी निदले लांब, निमुळती व केसाळ असतात. इपोमिया पर्प्युरिया हिची पाने बहुतेक वेळा अखंड, हृदयाच्या आकाराची असून फुले जांभळी, गुलाबी किंवा पांढरी येतात. इपोमिया ट्रायकलर हिची फुले आकाशासारखी निळी आणि गळ्याशी पांढरी-पिवळी असतात. शेवटच्या दोन जाती मूळच्या मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडच्या, त्यामुळे मराठीतली जुनी नावे मुळात त्यांच्यासाठी घडली असण्याचा संभव नाही. ती सारख्या दिसणाऱ्या वेलींवरून त्यांच्याकडे सरकली. यात वावगे काही नाही. लोकभाषेत वनस्पतींची नावे अशीच एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात.

‘नीलपुष्पी’ हे नाव, आणि त्याच्याच जोडीचे ‘नीळवेल’, मला विशेष जिव्हाळ्याचे वाटते, आणि त्यामागे एक मोठा प्रवास आहे. संस्कृतातला ‘नील’ फारसी आणि अरबीत गेला. अरबीत या वेलीच्या बियांना ‘हब्ब अन्-नील’, म्हणजे नीलाचे दाणे, असे म्हणत. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो शब्द तिथून उचलला. लिनियसने १७६२ मध्ये या वेलीला कॉन्व्हॉल्व्ह्युलस निल असे नाव दिले आणि १७९७ मध्ये रोट याने तिला इपोमिया वंशात नेले, तरी ‘निल’ तसाच राहिला. याच अरबी शब्दाला ‘अल’ हे उपपद जोडून ‘अनिल’ झाले आणि त्यावरून ‘अ‍ॅनिलिन’ हे रसायनाचे नाव आले. म्हणजे आपण ‘नीलपुष्पी’ म्हणतो तेव्हा शास्त्रीय नावाचे भाषांतर करत नसतो. शास्त्रीय नावातच आपला शब्द बसलेला आहे.

तरीही एक सावधगिरी हवी. निळ्या फुलांची वेल म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बऱ्याचदा गोकर्ण येतो, आणि तो अगदी वेगळ्या, शेंगांच्या कुळातला. गोकर्णाचे फूल एका बाजूला पसरलेले, गाईच्या कानासारखे असते, तर आपल्या वेलीचे फूल सर्व बाजूंनी सारखे, गोल असते. कथेत फूल जांभळे किंवा गुलाबी असेल तर ‘नीलपुष्पी’ हे नाव वाचकाची दिशाभूल करील, हे वेगळे सांगायला नको.

‘काळादाणा’ हे खरे तर बीचे नाव आहे. संस्कृतात त्यालाच ‘कृष्णबीज’ म्हणतात. फूल वाळल्यावर मागे जे गोल बोंड राहते त्यात तीन कप्पे आणि बहुधा सहा बिया असतात. त्या काळ्या, तिकोनी, संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या दिसतात. ही बी तीव्र रेचक आहे आणि औषधाच्या बोलण्यातच हे नाव येते. पहाटेच्या फुलाकडे पाहत उभ्या राहिलेल्या बाईच्या तोंडी ते घातले तर फुलाऐवजी औषधाची पुडी समोर येते. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती भाषांतरात खरोखर धोक्याची ठरू शकते: काळादाणा म्हणजे कलौंजी नव्हे. दोन्ही बिया काळ्या असल्या तरी कलौंजी मसाल्यात वापरतात आणि काळादाणा तसा वापरण्याची वस्तूच नाही.

राहिला ‘गारवेल’. वनस्पतींविषयीच्या मराठी लेखनात हे नाव इपोमियाच्या एकाहून अधिक जातींना लावलेले आढळते, आणि काटेकोर अभ्यासकाला तो दोष वाटेल. मला मात्र प्रस्तुत कामापुरता तोच गुण वाटतो. इंग्रजी शब्द जितका सैल आहे तितकाच सैल, त्यातून बोलण्यातला आणि तीन-चार अक्षरांत आटोपणारा मराठी शब्द मिळतो आहे, तर तो का सोडावा? या गोतावळ्यातल्या इतर नावांशीही तो छान जुळतो. चिमुकल्या लाल चांदणीसारख्या फुलांचा आणि कंगव्यासारख्या पानांचा गणेशवेल, समुद्राच्या भरतीची मर्यादा जिथे संपते त्या वाळूत पसरणारी मर्यादवेल, ही सारी इपोमियाचीच भावंडे आहेत. रताळेही याच वंशातले. रताळ्याच्या वेलीला फूल आलेले ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही ओळख पटवून द्यावी लागणार नाही. मर्यादवेलीचे शास्त्रीय नाव ‘बकरीचा पाय’ अशा अर्थाचे आहे आणि या साऱ्या कुळाला मराठीत ‘हरिणपदी’ कुल म्हणतात. दोन्ही नावे पानाच्या आकारावरून पडलेली, आणि दोन वेगळ्या भाषांतल्या माणसांना पान पाहताना खूरच आठवावा याचे मला नेहमी कौतुक वाटते.

इतर भाषांनी या वेलीकडे कसे पाहिले हेही बघण्यासारखे आहे. जपानीत ती ‘असागाओ’, म्हणजे सकाळचा चेहरा. चिनीत एक नाव बैल ओढून नेण्यावरून आले आहे आणि बोलण्यातले दुसरे नाव तुतारीसारख्या वाद्यावरून. ‘इपोमिया’ हे नाव अळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले, कारण वेलीचे टोक अळीसारखे वळवळत वर चढते. कॉन्व्हॉल्व्ह्युलस हे लॅटिन नाव ‘गुंडाळत जाणे’ या क्रियेवरून आले. कोणी वेळ पाहिली, कोणी आकार, कोणी चाल. एकानेही दुसऱ्याच्या नावाचे भाषांतर केलेले नाही.

आकारासाठी ‘तुतारीसारखे फूल’ असे आपण सहज लिहून जातो. आपली तुतारी वाकडी, लांब आणि टोकाशी फाकलेली असते. हे फूल सरळ नळीचे असून हळूहळू रुंदावत जाते. म्हणून ‘नरसाळ्यासारखे’ हे वर्णन अधिक नेमके आहे. (‘नसराळे’ हेही रूप प्रचारात आहे, अक्षरांची अदलाबदल झालेली ही जोडी मराठीत दोन्ही बाजूंनी सुखाने नांदते.) ज्यांना वाद्यच हवे असेल त्यांनी ‘कर्ण्यासारखे’ म्हणावे. ‘तुतारीवेल’ असे नवे नाव मात्र करू नये, कारण इंग्रजीत ‘ट्रंपेट वाइन’ ही वेगळ्याच कुळातली, नारिंगी फुलांची वेल आहे.

लिंगाचे उत्तर थोडक्यात देता येते. वेल पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अशा दोन्ही प्रकारे चालतो. जुन्या मराठीत ‘वेलु’ असे पुल्लिंगी रूप दिसते, आणि आजही ‘वेल मांडवावर चढवला’ आणि ‘वेल मांडवावर चढवली’ ही दोन्ही वाक्ये कानाला बरोबर लागतात. अनेकवचनात मात्र फरक पडतो: पुल्लिंगी असेल तर ‘ते वेल’, स्त्रीलिंगी असेल तर ‘त्या वेली’. मी वर गणेशवेल पुल्लिंगी आणि मर्यादवेल स्त्रीलिंगी चालवली आहे, ती माझ्या कानाची सवय आहे. कथेत एक लिंग निवडावे आणि शेवटपर्यंत तेच पाळावे, एवढेच महत्त्वाचे.

नावापेक्षाही मला या भाषांतरात क्रियापदाची काळजी अधिक वाटते. आमच्या खिडकीच्या गजावर चढलेल्या वेलीची एक कळी मी दोरा बांधून खूण करून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी ती मिटलेल्या छत्रीसारखी, पिळा घातलेली आणि जांभळट होती. पहाटे उजाडण्याआधीच तिचा पीळ सुटला आणि पाच शिरांवर ताणलेले फूल निळे झाले. हा रंगबदल केवळ भास नव्हे: ट्रायकलर जातीत कळीच्या पेशींतल्या रसाचा सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा pH हा अंक) सुमारे ६.६ असतो, तो उमलताना ७.७ पर्यंत चढतो आणि त्याच रंगद्रव्याचा जांभळा निळा होतो. ऊन चढल्यावर फुलाची कड आत वळू लागली, निळ्यावर गुलाबी छटा आली आणि दुपारपर्यंत त्याची ओलसर सुरळी झाली.

आता शब्द पाहा. वेल ‘फुलते’, कळी ‘उमलते’; पहाटेच्या त्या क्षणासाठी ‘उमलणे’च हवे. दुपारसाठी ‘मिटणे’ लिहावेसे वाटते, कारण फूल खरोखरच आत वळते. पण मराठीत मिटलेले फूल पुन्हा उघडेल अशी आशा असते. कमळ मिटते आणि दुसऱ्या दिवशी उमलते. गारवेलीचे फूल पुन्हा उघडत नाही. ‘गळणे’ही नको, कारण दुपारी ते देठावरच असते. ‘कोमेजणे’ अर्थाने बरोबर असले तरी त्यात वळण दिसत नाही. म्हणून मी असे लिहीन: ‘पहाटे उमललेली गारवेलीची फुले दुपारपर्यंत आत वळून कोमेजून जात, आणि बाई येई तेव्हा वेलीवर उद्याच्या पीळदार कळ्या तेवढ्या असत.’