सायकल खाली राहू दे, किल्ल्यावर पायी जा

प्रश्न : ताई, नोकरीनिमित्त मी जर्मनीत कार्ल्सरूहेला राहतो. नुकतीच ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारी सायकल, घेतली आहे. जवळच्या फेल्त्सरवाल्डच्या जंगलात जाऊन एका शनिवारी आठ किल्ले करायचा बेत आहे. नकाशावर ११० किलोमीटर भरतात. ऱ्हाइनकाठच्या सपाटीवर एवढं अंतर मला जड जात नाही. टायर ४० मिलिमीटरचे आहेत. जमेल ना? सुरुवात कुठून करू?

उत्तर : अंतर जमेल, किल्ले हुकतील. म्हणून आधी आठावरून तीनवर या, चौथा वाटेत आलाच तर बाहेरून बघा.

कारण सांगते. हे जंगल साधारण १८०० चौरस किलोमीटरचं आहे आणि जवळपास सगळं तांबड्या वालुकाश्मावर उभं आहे. मऊ थर झिजून गेले, कठीण थर मागे राहिले, त्यातून जंगलात मध्येच सुळके, भिंती, छत्र्यांसारखे कातळ उभे राहिले. बाराव्या-तेराव्या शतकातल्या सरदारांनी हेच कातळ हेरले. त्यांनी किल्ला कातळावर बांधला आणि कातळात खोदलाही. जिने, खोल्या, पाण्याची टाकी, सगळं दगड कोरून काढलेलं. वरचं बांधकाम बहुतेक ठिकाणी पडलं, कोरलेलं मात्र टिकलं. त्यामुळे इथला किल्ला लांबून फोटोत मावतो, पण कळतो तो आत शिरल्यावरच. त्याला तास लागतो, आणि प्रत्येक किल्ला टेकडीच्या माथ्यावर आहे. सपाटीवरच्या ११० किलोमीटरचा हिशेब इथे लागू होत नाही. दिवसभर चढ-उतारच आहेत.

मी तुम्हाला असा रस्ता सुचवेन. सायकल घेऊन रेल्वेने लांडाउ, तिथे गाडी बदलून आनवायलर. गावाच्या डोक्यावरच त्रिफेल्स किल्ला आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९३ मध्ये इथे कैदेत होता, म्हणून किल्ल्याचं नाव मोठं. पण आज दिसणाऱ्या मुख्य वास्तूचा बराच भाग १९३८ नंतर उभारलेला आहे. गावापासून सुमारे तीनशे मीटरची चढण सकाळी सकाळी पायात घ्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर त्रिफेल्स खालूनच बघितला असता आणि ताकद दक्षिणेसाठी राखली असती.

तिथून जंगलरस्त्यांनी लिंडेलब्रुन. हा किल्ला १५२५ च्या शेतकऱ्यांच्या उठावात जळला. अवशेष थोडे, पण चहूबाजूंना डोंगरांच्या रांगा दिसतात आणि पुढचा रस्ता कसा जाणार ते एका नजरेत लक्षात येतं. पायथ्याशी फेल्त्सरवाल्ड या भटक्यांच्या संघटनेची क्रामरहाउस ही हट, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेलं विसाव्याचं घर, आहे. शाकाहारी असाल तर ‘वायसर केस’ मागा. कांदा घातलेलं मलईदार दही-चीज असतं, बटाट्याबरोबर मिळालं तर पोटभर होतं. अशा हट रोज उघड्या नसतात, तेव्हा निघण्यापूर्वी वेळा बघा, आणि रोख पैसे खिशात असू द्या.

पुढे एर्लनबाखजवळ बेर्वार्टश्टाइन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो पुन्हा बांधला गेला, त्यामुळे भग्नावशेष म्हणता येणार नाही. १४८० मध्ये तो हान्स फॉन ट्रोथा या सरदाराच्या हाती आला. वायसेनबुर्गच्या मठाशी त्याचं हाडवैर. त्याने विझलाउटर नदी बांध घालून अडवली, खालच्या वायसेनबुर्ग गावाचं पाणी तोडलं, आणि नंतर बांध फोडून त्याच गावात पूर आणला. सीमेपलीकडच्या फ्रान्सच्या अल्सासमध्ये आजही नाताळात पोरांना त्याच्या नावाने भीती घालतात, हान्स ट्राप म्हणून. हा किल्ला तुम्ही रस्त्यावरून बघा आणि पुढे निघा.

कारण खरा वेळ द्यायचा तो बुझेनबर्गच्या ड्राखेनफेल्सला. फ्रांत्स फॉन झिकिंगन या सरदाराच्या बंडानंतर १५२३ मध्ये तो पाडला गेला. पूर्वेकडच्या सुळक्याला लोक ‘बाकेनत्सान’, म्हणजे दाढ म्हणतात, आणि आकार बघितल्यावर दुसरं नाव सुचणारही नाही. वर जायला कातळात खोदलेला अरुंद जिना आहे. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. पाऊल आपोआप त्या खळग्यातच पडतं. चढताना भिंतींकडे बघा. ओळीने चौकोनी खोबणी दिसतील, त्यात लाकडी तुळया बसवलेल्या असायच्या. खोबण्यांची एक ओळ म्हणजे एक मजला. ओळी मोजल्या की नुसत्या कातळावर आख्खं घर डोळ्यांपुढे उभं राहतं. मग पावसाचं पाणी टाक्याकडे नेणारे, बोटभर रुंदीचे चर शोधा. हे सगळं सायकलच्या बुटांनी बघता येत नाही. क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या खिळीचे, कडक तळवे ओल्या वालुकाश्मावर सरकतात, शिवाय दगडही खरवडतात. पिशवीत रबरी तळव्याचे हलके बूट ठेवाच.

शेवट डानला. तिथे एकाच डोंगरधारेवर तीन किल्ले शेजारी शेजारी आहेत : आल्टडान, ग्राफेनडान आणि टानश्टाइन. थोडं प्रवेशशुल्क आहे. तीन मोजा किंवा एक, तुमच्या आठाच्या हट्टाला इथे थोडी सवलत मिळेल. तिथून विझलाउटरच्या खोऱ्याने हिंटरवायडेनथाल, आणि रेल्वेने परत. पाय शिल्लक असतील तर स्टेशन गाठण्याआधी टॉइफेल्सटिश बघा. बारीक पायावर तोललेला १४ मीटर उंचीचा हा दगडी टेबल म्हणजे वर सांगितलेल्या मऊ आणि कठीण थरांचा उघड पुरावा आहे. हा सगळा रस्ता पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर होतो. मला विचाराल तर दिवसाला एवढा पुरे.

आता नियम. हे जंगल ज्या राज्यात आहे त्या ऱ्हाइनलांड-फाल्झच्या वनकायद्याप्रमाणे जंगलात सायकल चालते ती रस्त्यांवर आणि वनखात्याच्या जंगलरस्त्यांवर. पायवाटा त्यात येत नाहीत. माउंटन बाइकसाठी खुणा करून दिलेल्या खास वाटा आहेत, त्या वेगळ्या. किल्ल्यांच्या शेवटच्या वाटा बहुतेक पायवाटाच असतात, आणि मार्ग आखून देणारी ॲप्स सर्रास तिथून रेघ ओढतात. ॲप म्हणालं म्हणून जाऊ नका. सायकल खाली कुलूप लावून ठेवा आणि चालत जा. हा नियम मला मनापासून पटतो. अरुंद वाटेवर म्हातारं जोडपं काठ्या टेकत येत असतं आणि वळणावर समोरून सायकल आली की त्यांना बाजूला व्हायला जागा नसते. वाळूची माती चाकांनी फार लवकर उकरली जाते, हेही आहेच.

झाडतोडीसाठी रस्त्यावर आडवी पट्टी लावलेली असेल तर रविवार असला, माणूस दिसत नसला, तरी आत जाऊ नका. अर्धवट कापलेलं झाड किंवा ओंडक्यांची रास कधी सरकेल याचा नेम नसतो.

टायर ४० चे चालतील, ४५ चे बसत असतील तर ते घ्या, तेही ट्यूबलेस. चढावर मोकळी वाळू लागते, तिथे कमी हवेचं रुंद चाक रुततही नाही आणि घसरतही नाही. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाने ४५ च्या टायरमध्ये ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) च्या आसपास सुरुवात करून पाहावी. त्याहून महत्त्वाचा गिअर. पुढची चक्री ४० दातांची असेल तर मागची सगळ्यात मोठी निदान ४२ ची हवी, नाहीतर वाळूच्या चढावर उतरून ढकलावं लागेल.

दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज जाते-येते. वाटेत पांढऱ्या क्रॉसची हिरवी पाटी दिसली की तिच्यावरचा क्रमांक लक्षात ठेवा. तो बचावपथकाला भेटायच्या जागेचा क्रमांक आहे. ११२ वर फोन लागला की एवढा क्रमांक सांगितला तरी गाडी नेमकी तिथे येते.

प्रश्न : आम्हाला दहा वर्षांच्या मुलीला घेऊन जायचंय. ती अशा चढांना कंटाळेल. त्याच भागात काही सोपं आहे का?

उत्तर : आहे, आणि छान आहे. हिंटरवायडेनथालहून विझलाउटरच्या काठाने डान आणि पुढे बुंडेनथालकडे सायकलमार्ग जातो. बहुतेक सपाट. डानमध्ये युंगफेर्नश्प्रुंग हा सुमारे सत्तर मीटरचा कडा गावाच्या अगदी अंगावर आलेला आहे. पाठलागातून सुटण्यासाठी एका मुलीने तिथून उडी मारली आणि तिला काहीच झालं नाही, अशी दंतकथा आहे. लेकीला ती कड्याखाली थांबूनच सांगा. किल्ला एकच ठेवा, आल्टडान. तिथले जिने, बोगदे आणि खोल्या मुलांना पुरून उरतात, पण वरच्या कठड्यांपाशी तिचा हात सोडू नका. घरी आल्यावर पायांवर, गुडघ्यामागे, केसांत गोचीड बसलेत का ते नीट तपासा, मुलीचे आणि स्वतःचेही.

प्रश्न : एप्रिलमध्ये एका सुळक्यापाशी ‘प्रवेश बंद’ची पाटी होती. दगड पडतात का?

उत्तर : एप्रिल म्हणताय म्हणजे बहुधा बहिरी ससाण्यासाठी असेल. हा पक्षी याच कड्यांच्या कपारींत अंडी घालतो. कीटकनाशकांमुळे तो इथून नाहीसा झाला होता, संरक्षण मिळाल्यावर परतला. घरटं वापरात असलेले कडे म्हणून उन्हाळा लागेपर्यंत बंद ठेवतात. माणूस कड्याच्या माथ्यावर बराच वेळ थांबला की पक्षी घरट्यावरून उठतो आणि अंडी गार पडतात. जुलैनंतर पुन्हा जा, पाटी बहुधा निघालेली असेल.