पाठांतर पुष्कळ झालं, आता निर्णयाचा सराव कर

प्रिय विद्यार्थिनी,

गोव्यातल्या साखळीहून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. अमेरिकेत क्लिनिकल मेंटल हेल्थ कौन्सेलिंगचं मास्टर्स संपत आलंय, जानेवारीत शेवटचं सेमिस्टर आणि एप्रिलमध्ये एनसीई, म्हणजे तिथली नॅशनल कौन्सेलर एक्झामिनेशन. डिसेंबरच्या सुट्टीत घरी आल्यापासून तू रोज फ्लॅशकार्डं पाठ करते आहेस, तरी सराव परीक्षेतले गुण जागचे हलत नाहीत. "चारांतले दोन पर्याय लगेच बाद करते, पण उरलेल्या दोनांत नेमका चुकीचा निवडते," असं तू लिहिलंस. पप्पांचा प्रश्नही कळवलास: ही परीक्षा पास झाली तर गोव्यात तिचा उपयोग काय?

तुझ्या त्या एका वाक्यात सगळं आलं. दोन पर्याय बाद होतात ते तुला विषय येतो म्हणून. उरलेल्या दोनांत तू चुकतेस, कारण तिथे समुपदेशकाच्या खुर्चीत बसून निर्णय घ्यायचा असतो आणि तो सराव फ्लॅशकार्डं देत नाहीत. आपल्याकडे दहावीपासून 'अपेक्षित प्रश्नसंच' वाचून परीक्षा द्यायची सवय लागते. ती सवय इथे उपयोगी नाही, हे मनावर घे.

पेपरची रचनाच बघ. प्रश्न २००, वेळ २२५ मिनिटं. त्यांतले १६० प्रश्न गुणांसाठी, ४० नुसते चाचपणीचे, आणि कोणते कुठले हे कळायला मार्ग नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सर्वांत जास्त भार समुपदेशनाची कौशल्यं आणि हस्तक्षेप यांना, ३० टक्के. त्याखालोखाल २९ टक्के क्लायंटच्या प्रत्यक्ष समस्यांना. व्यावसायिक आचारनीतीला १२ आणि पहिली मुलाखत व निदान यांना १२. माणसाच्या वाढीच्या एरिक्सनने सांगितलेल्या आठ अवस्था, करिअर निवडीसाठीचे हॉलंडचे सहा व्यक्तिमत्त्व प्रकार, गटाच्या वाटचालीचे टकमनने १९६५ मध्ये मांडलेले टप्पे हे सगळं हवंच. पण यांची नावं विचारणारे प्रश्न थोडे, ती वापरायला लावणारे जास्त.

आता एक प्रश्न घेऊ. तो मी रचलाय, पण घडण त्याच जातीची. २६ वर्षांची क्लायंट दुसऱ्या सत्रात म्हणते, "घरचे म्हणतात सरकारी नोकरी सोडू नकोस. मला तिथे गुदमरायला होतं. तुम्हीच सांगा, काय करू?" समुपदेशकाने सर्वांत आधी काय करावं? सरकारी नोकरीचे फायदे-तोटे समजावून सांगावेत, पुढच्या सत्राला आईवडिलांना बोलवावं, आवडीनिवडीची चाचणी द्यावी, की तिची ओढाताण आपल्या शब्दांत तिच्यापुढे ठेवावी?

गोव्यातल्या घरात वाढलेलं माणूस पहिल्या दोन पर्यायांकडे ओढलं जातं. कोणी सल्ला विचारला की तो द्यायचा, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय मोठा निर्णय घ्यायचा नाही, हे आपल्यात मुरलेलं आहे. त्यात वाईट काही नाही. पण दुसऱ्या सत्रात उत्तर चौथंच. चाचणीचा पर्यायही चुकीचा नाही, फक्त त्याची वेळ आलेली नाही. हेच वाक्य सहाव्या सत्रात आलं असतं, ओढाताणीवर बोलून झालं असतं आणि आता दुसरी वाट शोधायची आहे असं प्रश्नात म्हटलं असतं, तर चाचणी बरोबर ठरली असती. म्हणून पर्याय वाचण्याआधी सत्र कितवं, क्लायंटचं वय काय, आणि प्रश्न 'आधी काय' विचारतो की 'सर्वांत योग्य काय', या तिन्हींवर पेन्सिलीने खूण करायची. जिवाला धोका असल्याचा नुसता इशाराही कुठे दिसला, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी त्या धोक्याची नीट चौकशी.

आचारनीतीतही हाच गोंधळ होतो. समज, क्लायंटने काजूगरांचं पाकीट आणून दिलं. 'भेटवस्तू कधीही घेऊ नये' हे उत्तर फार सोज्वळ वाटतं. अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनची २०१४ ची आचारसंहिता मात्र तसं म्हणत नाही. वस्तूची किंमत, देणाऱ्याचा हेतू, घेणाऱ्याचा हेतू आणि उपचाराच्या नात्यावर होणारा परिणाम हे पाहून ठरवा, असं ती सांगते. काही संस्कृतींत छोटी भेट ही कृतज्ञता असते, हेही तिला ठाऊक आहे. उलट चालू क्लायंटशी प्रेमसंबंधांना सरसकट मनाई आहे, आणि जुन्या क्लायंटच्या बाबतीत शेवटच्या व्यावसायिक संपर्कानंतर किमान पाच वर्षं. कुठला नियम पक्का आणि कुठे तारतम्य, याची एका पानावर स्वतःच्या हाताने यादी कर. सज्ञान क्लायंटच्या आईने फोन केला, तर तिची मुलगी आपल्याकडे येते एवढंही लेखी संमतीशिवाय सांगायचं नाही, हे पक्क्यात टाक. आपल्या गावांत सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून हे आपल्याला सर्वांत जड जातं.

संशोधन आणि चाचण्यांच्या गणिताची भीती वाटते, असं लिहिलंयस. घंटेच्या आकाराचा तो आलेख रोज एकदा कोऱ्या कागदावर काढ. टी-स्कोअर, म्हणजे चाचणीचे गुण एका ठरावीक मापात बसवलेले: त्यांची सरासरी ५०, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १०. म्हणजे ६० गुण सरासरीच्या एक प्रमाण विचलन वर, साधारण ८४ वा शतमान (पर्सेंटाइल). हे एकदा बोटांत बसलं की निम्मे प्रश्न सुटतात. संशोधन पद्धतींसाठी तर उदाहरण तुझ्या दारातलंच आहे. २०१० मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठीचा मानस प्रकल्प गोव्यात झाला. १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टर घेतले होते, आणि पदवीधर मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांची मदत रुग्णांना दिली होती. यदृच्छेने वाटणी केली ती केंद्रांची, एकेका रुग्णाची नव्हे. का? एकाच केंद्रात काहींना ही मदत दिली आणि काहींना नाही, तर दोन्ही गट एकमेकांत मिसळतात. सरकारी केंद्रांत फायदा दिसला, खासगीत तसा फरक दिसला नाही. हा एक अभ्यास नीट समजून घे. नियंत्रित चाचणी, नमुना, बाह्य वैधता (निष्कर्ष इतरत्र लागू पडतात का), सगळं त्यात सापडेल.

अभ्यासाची पद्धत बदल. नवी कार्डं बंद. रोज पंचवीस-तीस प्रश्न सोडव आणि चुकलेल्या प्रत्येकाखाली दोन ओळी लिही: मी निवडलेला पर्याय मला का भुलवून गेला, आणि बरोबर पर्याय याच टप्प्यावर का बसतो. मराठीत लिहिलंस तरी चालेल, चौथीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीचा विचार त्यात जास्त मोकळा होतो. वाचन मात्र इंग्रजीतच आणि घड्याळ लावून, कारण एका प्रश्नाला जेमतेम ६७ सेकंद मिळतात. पूर्ण २२५ मिनिटांचा पेपर घरात होणार नाही. जत्रांचे दिवस आहेत, पाहुणे येणारच, आणि तू त्यांच्यात बसावंस हेही मला योग्य वाटतं. त्या दिवशी सकाळची कदंब बस पकडून पणजीला ये आणि पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बस.

एक गोष्ट मात्र आजच कर. ज्या राज्यात काम करणार, त्या राज्याच्या परवाना मंडळाचे नियम वाच. काही राज्यांना एनसीई चालते, काहींना एनसीएमएचसीई ही केसस्टडीवर आधारलेली दुसरी परीक्षा हवी असते. शिवाय परीक्षा पास झाली म्हणजे परवाना मिळाला असं नाही. त्यानंतर देखरेखीखाली कामाचे तास भरायचे असतात, पुष्कळ राज्यांत ते हजारांत जातात, आणि अनेक ठिकाणी पूर्ण परवान्याआधीचा सहयोगी परवाना हाती आल्यावरच मोजायला सुरुवात होते. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. ओपीटीचे, म्हणजे पदवीनंतर तिथे काम करायच्या मुभेचे, बारा महिने कागदपत्रांची वाट बघण्यात गेले तर फार नुकसान आहे. अर्ज कधी करता येतो, हे विद्यापीठातल्या सल्लागाराला आताच ईमेलने विचार.

आता पप्पांसाठी. तो परवाना अमेरिकेतलं राज्य देतं, भारतात तो चालत नाही. इथे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, तुझं मास्टर्स त्यात बसत नाही. समुपदेशकांचे काही प्रकार २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत आले आहेत, त्यामुळे राज्य परिषदेच्या नोंदणीकडे लक्ष ठेवा. गोव्यात काम नाही असं मात्र समजू नका. शाळांमध्ये समुपदेशक नेमले जातात, बांबोळीला मनोरुग्णालय आहे, मानसिक आरोग्यावर काम करणारी सांगाथसारखी संस्था इथे १९९६ पासून आहे. तिथे पदवी आणि अनुभव बघतील. सरकारी जागेसाठी परदेशी पदवीचं समकक्षता प्रमाणपत्र लागेल. म्हणून बाई, प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, प्रॅक्टिकम आणि इंटर्नशिपच्या तासांच्या नोंदी, सुपरवायझरच्या सह्यांसकट, विद्यापीठ सोडण्याआधी गोळा करून एक प्रत साखळीला पाठवून दे.